लांबून घेतलेली जुनी गाडी १,४०० किमी चालवत घरी आणायची आहे. निघण्यापूर्वी काय करून घ्यावं?

लांबची_वाट

११ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली आहे. १.४ लिटर इंजिन, ५ गिअर मॅन्युअल, मीटरवर ९६,००० किमी. गाडी आहे तिथून घर साधारण १,४०० किमी. गेले आठ महिने गाडी जवळपास उभीच होती. आठवड्यातून एकदा सुरू करून दहा मिनिटं जागेवर चालू ठेवायचे, एवढंच. बॉडी सरळ आहे, गंज नाही, इंजिन एका चावीत सुरू होतं.

विचारायचं आहे ते असं:

टायमिंग बेल्ट बदलल्याची कुठेही नोंद नाही. तिथला मेकॅनिक म्हणतो की कव्हर उघडून बघितलं, बेल्ट चांगला दिसतोय. मग चालेल का? टायरची नक्षी जवळजवळ पूर्ण आहे, तरी बदलावेत का? ऑइल तिथेच बदलावं की घरी आल्यावर? रस्त्यात सोबत काय ठेवावं? चालवायला आम्ही दोघं आहोत आणि निघण्यापूर्वी तिथे दोन दिवस थांबता येईल. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आणि मल्टीमीटर आहे, दोन्ही वापरता येतात.

चौथा_गिअर

बेल्टचं आधी सांगतो. हा पट्टा क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) जोरावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरा. बेल्टची मुदत कंपनी किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हींत देते आणि जे आधी पूर्ण होईल ते लागू होतं. ११ वर्षं ही जवळपास कुठल्याही कंपनीच्या मुदतीच्या बाहेर जातात, मीटर काहीही सांगो.

"चांगला दिसतोय" याला अर्थ नाही. फार पूर्वीचे बेल्ट म्हातारे झाले की पाठीवर भेगा दिसायच्या. आताच्या रबराला शेवटपर्यंत फारशा भेगा पडत नाहीत. आतले काचतंतू थकतात, दात मुळाशी सैल होतात आणि एक दिवस दोन-तीन दात एकदम सोलून निघतात. शिवाय बऱ्याचदा बेल्ट ठीक असतो आणि टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणारी चाकी) किंवा आयडलरचं (बेल्टला वाट देणारी चाकी) बेअरिंग जाम होऊन तो फाटतो. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर पंपाचं बेअरिंग गेलं तरी तेच होतं. बहुतेक आधुनिक पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट सुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन वर येत राहतात आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वाकतात. वेग कमी होता म्हणून इंजिन वाचेल असं समजू नका.

म्हणून पूर्ण किट बदलून घ्या: बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर पंपसुद्धा. उघडलंच आहे तर कॅमशाफ्टच्या आणि क्रँकशाफ्टच्या पुढच्या ऑइल सीलला ओल आहे का तेही बघायला सांगा. नव्या बेल्टवर ऑइल गळलं तर तो लवकर खराब होतो. काम झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, खुणा चुकल्या आहेत. हे झालं का, असं मेकॅनिकला स्पष्ट विचारा. जुना बेल्ट आणि नव्या किटचा खोका मागून घ्या, तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल ठेवा. गाडी पुढे विकताना त्याचा उपयोग होतोच.

अर्थात आधी तुमच्या इंजिनला बेल्ट आहे की चेन, हे इंजिन कोडवरून पक्कं करा. तिथल्या मेकॅनिकने बेल्ट बघितला म्हणतोय तो नक्की टायमिंगचाच ना? काही जण अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बाहेरचा बेल्ट बघून उत्तर देतात. चेन असेल तर रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करून ऐका. सुरुवातीला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर चेन किंवा टेन्शनर दाखवल्याशिवाय निघू नका.

आता कामाचा क्रम. ज्या भागाला हात लावला तो पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्येच त्रास देतो: होजची क्लिप सैल राहते, कनेक्टर नीट बसत नाही, कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हवा अडकते. म्हणून बेल्टचं काम निघायच्या आदल्या संध्याकाळी नको. व्यवहार पक्का झाला असेल तर तुम्ही पोचण्यापूर्वीच ते करून घ्या आणि तुमचे दोन दिवस गाडी तिथल्या तिथे फिरवण्यात घाला. १०० ते १५० किमी, थोडं गर्दीत, थोडं मोकळ्या रस्त्यावर, जमलं तर एक चढही. मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असताना जे बाहेर येईल ते यायला हवं.

सस्पेन्शनचे बुश, किरकोळ आवाज, एसीचा गॅस, गिअर ऑइल (लेव्हल बघा, बदलू नका), इंजिन मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं) करत नसेल तर प्लग: हे सगळं घरी आल्यावर. निघण्याआधी जितकं कमी उघडाल तितकं बरं.

रबरतज्ज्ञ

टायरबद्दल. नक्षी बघून ठरवू नका, तारीख बघा. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार अंक असतात. ३११६ म्हणजे २०१६ सालचा ३१ वा आठवडा. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूवर असू शकते. दिसली नाही तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. सहा वर्षांच्या पुढचा टायर नीट तपासायचा आणि दहा वर्षांच्या पुढचा, कितीही नवा दिसला तरी, लांबच्या प्रवासाला वापरायचा नाही. स्टेपनीलाही हेच लागू. न वापरलेली स्टेपनी बहुतेक वेळा गाडीच्याच वयाची असते.

उभ्या गाडीच्या टायरचं रबर जास्त लवकर कडक होतं, कारण रबरातले संरक्षक मेणासारखे घटक टायर फिरत असताना पृष्ठभागावर येत राहतात. त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचा टायर हा चांगला टायर असा हिशेब करू नका. नक्षीच्या खाचेत आणि कडेला बारीक भेगा, बाजूला कुठेही फुगवटा, वाल्वचं रबर वाकवल्यावर तडा: यांपैकी काहीही दिसलं तर बदला. वाल्व नव्या टायरबरोबर नवेच घाला.

झीज कशी झाली आहे तेही वाचता येतं. फक्त आतली कड घासलेली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी ठेवून चालवली आहे. मधला पट्टा घासला तर हवा जास्त होती. आतली कड सरळ उभं राहून दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, मागच्या चाकांसाठी मोबाइल खाली धरून फोटो काढा.

आठ महिने एका जागी उभी राहिल्याने टायर खालून चपटे होतात. पहिले १५-२० किमी स्टिअरिंग थरथरेल आणि टायर गरम झाले की थांबेल. तसं झालं तर काळजी नाही. २०-२५ किमी झाल्यावरही धपधप तशीच राहिली, किंवा वेगाबरोबर वाढत गेली, तर आतले पट्टे सुटत असण्याची शक्यता धरा आणि तो टायर काढून बघितल्याशिवाय वेग वाढवू नका.

हवा टायर थंड असताना भरायची आणि आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरून घ्यायचा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. दोन माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर जास्त भाराचा वेगळा आकडा असतो, तो घ्या. तासभर हायवेवर चालल्यावर दाब ४-६ पीएसआय वाढलेला दिसतो; तो हिशेबात धरलेलाच असतो, हवा काढू नका. कमी हवा जास्त धोक्याची आहे. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि फुटते तीही वेगात असताना.

स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिला साधारण ६० पीएसआय लागतात आणि वेग ८० च्या वर न्यायचा नसतो. दोन्ही गोष्टी तिच्यावरच लिहिलेल्या असतात.

थंड_डोकं

लांबच्या प्रवासात जुनी गाडी अडकते ती बहुधा गरम होऊन, म्हणून कूलिंगवर एक अख्खी सकाळ द्या.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतली लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. कूलंट तपकिरी, गढूळ किंवा तेलकट असेल तर बदलायलाच हवं. रंगावरून प्रकार ओळखू नका. हिरवा, गुलाबी, निळा यांना कुठलाही सर्वमान्य नियम नाही. मॅन्युअलमध्ये दिलेलाच प्रकार, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मा-निम्मा. साध्या पाण्याने क्षार साचतात, गंज चढतो आणि उकळण्याचा बिंदूही खाली येतो.

होज दाबून बघा. निरोगी होज दाबला की परत जागेवर येतो. फार मऊ पडला असेल, आत करकर आवाज येत असेल किंवा क्लिपजवळ फुगला असेल तर बदला. जोडांवर पांढरट किंवा रंगीत खरवड दिसली तर तिथून हळूहळू गळत आहे. पुढच्या सीटसमोरचं पायाखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास येत असेल तर हीटरचा रेडिएटर गळतोय. टाकीचं झाकणही बघा, त्याचं रबर कडक झालं तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

मग इंजिन जागेवर चालू ठेवा आणि ओबीडीवर कूलंटचं तापमान लावा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर राहील असाच बसवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तापमान चढत जाऊन साधारण ९५ ते १०५ च्या दरम्यान पंखा सुरू झाला पाहिजे आणि आकडा खाली आला पाहिजे. असं तीन-चार वेळा होऊ द्या. एसी लावल्यावर पंखा लगेच फिरायला हवा. मोकळ्या रस्त्यावर तापमान ७०-७५ वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडाच अडकला आहे. त्याने गाडी बंद पडणार नाही, पण पेट्रोल जास्त जाईल. उलट मोकळ्या रस्त्यावरच, चढ नसताना, आकडा चढत असेल तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा पंप कमी पडतोय.

हेडगॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी) शंका घ्यावी अशी लक्षणं: थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे, कुठेही गळती न दिसता लेव्हल कमी होणं, सायलेन्सरमधून थंडीशी संबंध नसलेला पांढरा धूर. खात्री करायची तर टाकीच्या तोंडावर लावायचं गॅस तपासणीचं किट मिळतं, त्यातलं निळं द्रव पिवळं झालं तर जळलेला गॅस कूलंटमध्ये येतोय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर असेल तर मात्र घाबरू नका. दहा-दहा मिनिटं जागेवर चालवलेल्या इंजिनात ओलावा उडत नाही, त्याने तसा थर येतोच. डिपस्टिकवर तसंच दिसलं तर प्रकरण वेगळं.

आणि एअर फिल्टरचा डबा उघडा. उभ्या गाडीत उंदरांचं घर बहुधा तिथेच असतं. तिथे काड्या-चिंध्या सापडल्या तर इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी बोटांनी शेवटपर्यंत चाचपून बघा.

कागदपत्र

थोडक्यात. चासी क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. काचेखालचा, दरवाजाच्या खांबावरचा आणि कागदावरचा, तिन्ही एक-एक अक्षर लावून बघा. या क्रमांकात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. कागदावर दिसली तर टंकताना चूक झाली आहे आणि ती हस्तांतरणाच्या वेळी अडेल. विमा तुमच्या नावाने, चावी हातात येण्याच्या क्षणापासून लागू असायला हवा. रस्त्यात मदत देणारी योजना घेणार असाल तर गाडी किती किलोमीटरपर्यंत उचलून नेतात आणि घेतल्यापासून किती दिवसांनी ती लागू होते, हे वाचून घ्या.

तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) बाकी आहे का बघा. या वयाच्या अनेक गाड्यांत टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) होते. ते उघडताना धातूचे तुकडे प्रवाशांवर उडाल्याने जीव गेले आहेत. दुरुस्ती फुकट होते. गाडीचं नाव यादीत आलं तर निघण्यापूर्वी करून घ्या.

दुसरी चावी, मॅन्युअल आणि चाकाच्या लॉक नटची चावी मागून घ्या. ही शेवटची चावी जुन्या गाडीत हमखास हरवलेली असते आणि ती नसेल तर स्टेपनी असून नसल्यासारखी. विकणाऱ्याच्या दारातच चारही चाकांचा एक-एक नट सैल करून पुन्हा आवळून बघा.

लांबची_वाट

खूप उपयोग झाला. टायमिंग बेल्टच आहे, पूर्ण किट आणि पंप आधीच बदलून घ्यायला सांगितलं. तिथून मागवलेली माहिती अशी: चारही टायर नऊ वर्षांचे, स्टेपनी मूळची. रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.३ व्होल्ट. ओबीडीवर एकही कोड नाही, पण रेडिनेसच्या यादीत (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी) तीन चाचण्या "अपूर्ण" दाखवतंय. ब्रेक पेडल ठीक आहे म्हणतात, ब्रेक ऑइल गडद तपकिरी आहे. पहिल्या ब्रेकला मागून खरखर येते. टायर सगळे बदलतोय. बाकीचं काय समजावं?

पाना_तेरा

कोड नाही आणि चाचण्या अपूर्ण, याचा अर्थ कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. उभ्या गाडीत दुसरं कारण सहज शक्य आहे, म्हणून विकणाऱ्याला लगेच दोष देऊ नका. पण आत्ता "कोड नाही" यावरून काहीच कळत नाही. तुमच्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या चाचणीत बहुतेक चाचण्या पूर्ण होतील. पेट्रोलच्या वाफेची चाचणी टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असेल तर चालत नाही, म्हणून चाचणीच्या फेरीला टाकी अर्धी ते पाऊण ठेवा. आठ महिन्यांचं जुनं पेट्रोल आहेच, त्यात ताजं मिसळा. फेरीनंतर नोंदवलेले आणि प्रलंबित, दोन्ही प्रकारचे कोड वाचा. प्रलंबित यादीत पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०४ दिसले तर मिसिंग आहे; प्लग आणि कॉइल तिथेच बघा. एकट्या पी०४२० ने (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, कमी पडत असल्याचा कोड) गाडी रस्त्यात बंद पडत नाही, ते घरी आल्यावर.

बॅटरी. पूर्ण भरलेली विसावलेली बॅटरी १२.६ च्या वर असते, १२.३ म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त. चार्जरवर रात्रभर भरा, काढून पुन्हा काही तास तशीच ठेवा आणि मोजा. परत १२.४ च्या खाली आली तर बदला. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.७ हवेत, दिवे आणि ब्लोअर लावूनसुद्धा. "प्रवासात होईल चार्ज" म्हणून मेलेली बॅटरी घेऊन निघू नका. अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण जोरावर चालतो आणि तोही जुनाच आहे.

ब्रेक ऑइल गडद तपकिरी म्हणजे दोन वर्षांची मुदत कधीच टळून गेली. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३०, ओलावा मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले की ते आतच उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. गावात चालवताना हे कधी कळत नाही, म्हणून "पेडल ठीक आहे" या सांगण्यावर जाऊ नका. पूर्ण बदलून घ्या, साधारण एक लिटर लागतं. मॅन्युअलमधल्या क्रमाने चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढायचं.

पेडलची परीक्षा: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) चालू आहे. मग ३० सेकंद जोरात दाबून ठेवा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय किंवा बाहेर कुठेतरी ओल आहे.

मागची खरखर गंजाची असेल तर चार-पाच ब्रेकमध्ये जाते. जायला हवीच. जाम झालेला कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा हँडब्रेकची अडकलेली केबल कशी ओळखायची? १५ किमी चाला, ब्रेक शक्य तितका कमी वापरत थांबा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, लावू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच. डाव्या-उजव्यात २०-३० अंशांचा फरक असेल तर गरम चाकाचा कॅलिपर उघडून स्लाइड पिना साफ करा आणि ब्रेकचं ग्रीस लावा. पॅड ३ मिमीपेक्षा कमी राहिले असतील तर त्याच वेळी बदला.

त्याच फेरीत क्लचही बघा. चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगात एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम उडाले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. व्हील बेअरिंग ऐकायचं तर ६०-७० च्या वेगात हलकेच डावी-उजवीकडे वळणं घ्या. डावीकडे वळताना घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण भार उजवीकडे जातो. हलकी घरघर घरापर्यंत पोचवेल, पण चाक धरून हलवल्यावर खुळखुळत असेल तर नाही.

चौथा_गिअर

ऑइलचं उत्तर राहिलं होतं. तिथेच बदला. जागेवर चालवलेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी उतरतं, ते पातळ झालेलं असतं, आणि अशा ऑइलवर १,४०० किमी हायवे नको. या आकाराच्या इंजिनाला साधारण ३ ते ४ लिटर लागतं, ग्रेड आणि नेमकं माप मॅन्युअलमधून घ्या. फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना ते बघायला सांगा. एकावर एक दोन रबरं बसली की चालू इंजिनात ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. ड्रेन प्लगला नवा वायसर. २० किमीनंतर खाली वाकून दोन्ही जागा बघा.

जुनं_ते_सोनं

ऑइल बदला, पण इंजिन फ्लश घालू देऊ नका. गॅरेजवाले हमखास सुचवतील. जुन्या इंजिनातला साचलेला गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि दाब पडतो. गाळ काढायचाच असेल तर घरी आल्यावर चांगलं ऑइल दोन वेळा लवकर बदलून हळूहळू निघतो.

प्रवासाचं सांगतो. दोघं चालवणारे असलात तरी तीन दिवस धरा: ५००, ५०० आणि ४००. दिवसाउजेडीच. ओळख नसलेल्या गाडीचे दिवे, वायपर, ब्रेक यांचा अंदाज यायला वेळ लागतो आणि ११ वर्षांच्या हेडलाइटच्या काचा पिवळट झालेल्या असतात. रात्री बंद पडली तर खाली वाकून काही बघणंही धोक्याचं. पहिले शंभर किलोमीटर ८० च्या आत, एकाच वेगाला न अडकता. पहिला थांबा १५ किमीवर, मग ५०, मग १००, त्यानंतर दर दोन तासांनी.

थांब्यावर काय करायचं ते ठरलेलं ठेवा. चाकांजवळ वास घ्या. गाडीखाली थेंब बघा. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, त्याला घाबरू नका. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक बघा. कूलंटची लेव्हल टाकीच्या बाहेरूनच बघा, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण ०.८ ते १ लिटरचा फरक असतो, त्यावरून किती घालायचं ते कळतं. वरच्या खुणेपलीकडे भरू नका, क्रँक ऑइल घुसळतो आणि फेस होतो. कुठे किती घातलं ते लिहून ठेवा. इंजिनाच्या तब्येतीची इतकी खरी माहिती नंतर मिळत नाही.

दिव्यांबद्दल दोघांनाही पाठ असू दे. लाल ऑइलचा दिवा: लगेच बाजूला आणि इंजिन बंद, पुढच्या वळणापर्यंतही नाही. चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर कोड वाचून सावकाश जाता येतं. लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय, ॲक्सिलरेटर सोडा आणि थांबा. बॅटरीचा दिवा लागला तर आधी तापमान बघा. तुमचा पंप टायमिंग बेल्टवर असेल तर कूलंट फिरत राहतं आणि बॅटरीवर थोडं अंतर काटता येतं. पंप बाहेरच्या बेल्टवर असलेल्या गाडीत तोच बेल्ट तुटला असेल तर तिथेच थांबायचं.

तापमान ११० च्या पुढे चढू लागलं तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तरी उतरलं नाही तर थांबून इंजिन बंद करा आणि किमान पाऊण तास काहीही उघडू नका. रिकाम्या, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

गाडीत धुराचा वास आला, किंवा दोघांपैकी कुणाचंही डोकं विनाकारण दुखू लागलं, तर काचा उघडा आणि थांबा. आठ महिने जागेवर चालवलेल्या गाडीचा सायलेन्सर आतल्या पाण्याने गंजतो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष नको.

पाना_तेरा

सोबतच्या सामानाची यादी, न वापरता परत आणायची तयारी ठेवून: १ लिटर ऑइल (बदललं त्याच डब्यातलं), ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप, ट्यूबलेस पंक्चर किट, १६ चौरस मिमी किंवा त्याहून जाड जंपर केबल, १०, १२, १३, १४, १७ चे पाने, आपल्याच आपल्याला चिकटणारी सिलिकॉन टेप, दोन-तीन मापांच्या होज क्लिप, १०, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज, केबल टाय, डोक्याला लावायचा टॉर्च, हातमोजे, त्रिकोण आणि दोन चमकणारी जाकिटं. जाकिटं डिकीत नाही, सीटजवळ.

ओढून नेण्याचा हूक गाडीत आहे का बघा आणि एकदा बंपरमध्ये फिरवून बघा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळतो.

जंपर लावायचा क्रम: लाल संपलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, इंजिनाच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो.

नवे टायर बसवल्यावर नट इम्पॅक्ट गनने आवळून सोडलेले असतील. ते सैल करून टॉर्क रेंचने ताऱ्याच्या क्रमाने आवळायला लावा. छोट्या गाड्यांना बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ५० ते १०० किमी झाल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे हे तुमच्या चाचणीच्या फेरीनंतरच उरकून टाका.